परतीची वाट

साहसवीरांची स्मृती जागविताना समाजाची दृष्टी बहुधा त्यांनी गाठलेल्या ठिकाणावर खिळलेली असते. दक्षिण ध्रुवावर प्रथम कोण पोहोचले, अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने कोणी ओलांडला, चंद्रावर पहिले पाऊल कोणाचे, या प्रश्नांची उत्तरे शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु ध्रुवाकडे निघालेला आणि ध्रुव न गाठताच माघारी फिरलेला एक पुरुष जगाने थोर संशोधकांच्या मालिकेत बसविला आहे. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन हे ते पुरुष होत. आयुष्याच्या पूर्वार्धात त्यांनी आपली परतीची वाट आपल्याच हाताने तोडली. उत्तरार्धात, ज्यांची परतीची वाट इतरांनी तोडली होती अशा लक्षावधी माणसांसाठी ते झिजले. या दोन खंडांतील नाते आम्हांस आज विशेष मननीय वाटते.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजच्या ओस्लोजवळ झाला. पायांना लाकडी स्की बांधून बर्फावरून घसरत जाण्याची कला त्यांनी बालपणीच आत्मसात केली. शिक्षण मात्र प्राणिशास्त्राचे. बर्गेनच्या संग्रहालयात काम करीत असता त्यांनी मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवर प्रबंध लिहिला व १८८८ साली डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी पाच सोबत्यांसह ते ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडण्यास निघाले. त्यांच्या आधीच्या प्रमुख मोहिमा वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेल्या होत्या. संकट ओढवलेच तर मागे वळण्याची सोय त्यांत होती. नान्सेन यांनी नेमका उलट विचार केला. जवळजवळ निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे आणि पश्चिमेकडे चालू लागावयाचे. मागे अन्न नाही, निवारा नाही, तेव्हा पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही. प्रारंभीच समुद्रातील वाहत्या बर्फाने त्यांना दूर दक्षिणेकडे ओढून नेले व बरेचसे अंतर वल्ही मारीत भरून काढावे लागले. तरीही सुमारे २,७०० मीटर उंची आणि शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरणारी थंडी सोसून ३ ऑक्टोबर १८८८ रोजी ते पश्चिम किनाऱ्यावरील गॉटहॉब गावी पोहोचले. तोवर हंगामातील अखेरचे जहाज हातचे गेले होते. तो हिवाळा त्यांनी तेथील इन्युइट लोकांत काढला आणि त्यांच्या जीवनाचा अभ्यास केला.

पुढील मोहीम याहून विलक्षण होती. १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेस बर्फाने चिरडलेल्या जीनेट या अमेरिकन जहाजाचे काही अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले होते. ध्रुवप्रदेशातील बर्फ प्रवाहाबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते, असे अनुमान नान्सेन यांनी त्यावरून बांधले. बर्फात अडकणे हा दर्यावर्दी लोकांना मृत्यूच वाटे; नान्सेन यांनी मुद्दाम अडकण्यासाठी जहाज बांधविले. कॉलिन आर्चर या कारागिराने फ्राम नावाच्या या जहाजाचा तळ इतका गोलसर ठेवला की, बर्फाचा दाब वाढताच ते चिरडले न जाता वर उचलले जावे. समुद्राकाठी वाढलेल्या आमच्या वाचकांना या कल्पनेतील धाष्टर्य निराळे सांगावयास नको. जाणत्या ध्रुवसंशोधकांनी ही योजना वेडेपणाची ठरविली. तरी जून १८९३ मध्ये फ्राम निघाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, त्यावरील १३ माणसांसह, बर्फात गोठले.

प्रवाह होता, पण तो ध्रुवापर्यंत नेणार नाही हे दीड वर्षात उमगले. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि ह्यालमार योहान्सेन हे दोघे २८ कुत्री घेऊन जहाजावरून उतरले व ध्रुवाकडे चालू लागले. सरकत्या जहाजाची पुन्हा गाठ पडणे अशक्य होते. म्हणजे परतीची वाट याही वेळी तोडलेलीच होती. ८ एप्रिलच्या सुमारास ते ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तेथवर पूर्वी कोणीही गेला नव्हता. पुढे बर्फाचे ओबडधोबड ढीग पसरलेले आणि शिधा मोजका. नान्सेन यांनी तेथूनच दक्षिणेची वाट धरली. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील मोठा क्षण हाच होय. कीर्ती समोर दिसत असता सोबत्याच्या प्राणांचा हिशेब करणे यास वेगळेच धैर्य लागते. फ्रान्झ योसेफ बेटांवर दगडांची भिंत आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर अशा खोपटात, अस्वलाच्या मांसावर, त्या दोघांनी सुमारे आठ महिने काढले. पुढे एकदा दोन्ही होड्या सुटून वाहत गेल्या, तेव्हा त्या आणण्यासाठी नान्सेन यांनी गोठत्या पाण्यात उडी घातली. जून १८९६ मध्ये इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन त्यांना अकस्मात भेटले आणि ते वाचले. त्याच ऑगस्टमध्ये फ्रामही बर्फातून सुखरूप बाहेर पडले. तेराही माणसे घरी परतली. ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असल्याचा समज या मोहिमेने खोटा ठरविला. तेथील खोली ३,००० मीटरांहून अधिक भरली.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाले, तेव्हा नान्सेन यांनी आपली कीर्ती देशाच्या कामी लावली व पुढे लंडनमध्ये राजदूतपद सांभाळले. दक्षिण ध्रुवाचे स्वप्न त्यांच्याही मनात होते. तरी फ्राम त्यांनी तरुण रुआल आमुंडसेन यांच्या हवाली केले. त्याच जहाजाने दक्षिणेस गेलेल्या आमुंडसेन यांनी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुव गाठला.

पहिल्या महायुद्धानंतर या साठीकडे झुकलेल्या शास्त्रज्ञास राष्ट्रसंघाने १९२० साली युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचविण्याचे काम दिले. दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी आपापल्या घरी गेले. १९२१ साली ते निर्वासितांचे उच्चायुक्त झाले. क्रांतीनंतर रशियाबाहेर पडलेल्या लक्षावधी लोकांचे नागरिकत्व सोव्हिएत सरकारने काढून घेतले होते. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येत नाही, सीमा ओलांडता येत नाही म्हणून काम नाही. यावर १९२२ साली नान्सेन यांच्या नावाचा पासपोर्ट निघाला. कोणत्याही राष्ट्राचा नसलेल्या माणसास मिळालेली ती पहिली आंतरराष्ट्रीय ओळख. कालांतराने पन्नासाहून अधिक सरकारांनी ती मान्य केली. लेखक नाबोकोव्ह, संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शगाल यांनी तिचा आधार घेतला. नावे इतिहासात न उरलेल्या असंख्यांनीही घेतला.

याच काळात व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. त्यासाठी नान्सेन यांनी राष्ट्रसंघापुढे मदतीची याचना केली. बोल्शेव्हिकांचे आसन बळकट होईल या भीतीने सरकारांनी हात आखडता घेतला. तेव्हा त्यांनी देशोदेशी व्याख्याने देऊन सामान्य जनांकडून पैसा उभा केला. १९२२ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकाची रक्कमही त्यांनी मदतकार्यासच दिली.

तथापि, थोरांचे गुणगान करताना त्यांचे संशयास्पद निर्णय झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीस नान्सेन यांनी पुढाकार देऊन पाठिंबा दिला. १९२३ च्या करारान्वये सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन लाखांवर मुसलमान यांना केवळ धर्मावरून पिढीजात घरे कायमची सोडावी लागली. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती आधीच पळून आले होते आणि रक्तपात टाळण्यास दुसरा उपाय दिसत नव्हता, हे खरे. तरी ज्याने लाखोंना घरी पोहोचविले त्याच्याच संमतीने लाखोंची परतीची वाट कायद्याने बंद झाली, हेही तितकेच खरे. १९४७ ची फाळणी अनुभवलेल्या या देशाला त्या दुःखाचे मोल नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

१३ मे १९३० रोजी ओस्लोजवळील लिसाकर येथे, राहत्या घरी, नान्सेन यांचे देहावसान झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या निर्वासित कचेरीस १९३८ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु वर्षभरातच दुसरे महायुद्ध पेटले आणि निर्वासितांचे नवे लोंढे वाहू लागले. बळजबरीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या जगात १० कोटींच्या वर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेने २०२२ साली जाहीर केले. यानांची झेप उंचावली, तशी सीमांवरील कुंपणेही उंचावली.

आपल्या इच्छेने परतीची वाट तोडणारा वीर ठरतो. जिची वाट दुसऱ्यांनी तोडली ती व्यक्ती मात्र कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहून कागदाची प्रतीक्षा करते. बर्फातले खोपटे अनुभवलेल्या नान्सेन यांना निवाऱ्याची किंमत ठाऊक होती, म्हणूनच त्या खिडकीपाशी थांबलेल्यांचे दुःख त्यांनी आपले मानले. ध्रुवाकडे आणि चंद्राकडे झेपावणाऱ्यांचे कौतुक जगाने अवश्य करावे. त्याबरोबरच, घराकडे जाऊ न शकणाऱ्यांना दार उघडण्याचे धैर्यही दाखवावे. नान्सेन यांचा वारसा सांगण्याचा अधिकार त्यानेच प्राप्त होईल, असे आम्हांस वाटते.