दामाजीपंतांनी दिले ते कोणाचे?

आमच्या लातूर-मुरुडाकडची मंडळी येडशी, बार्शी करीत पंढरीस जातात. चंद्रभागेचे स्नान झाले, दर्शन झाले, की घरची ओढ लागते. पुढे मंगळवेढ्यापर्यंत जाणारे थोडेच. पण वाचकहो, सवड काढून जावे. चोखोबांची आणि कान्होपात्रेची ती भूमी, आणि तेथेच भक्तवर दामाजीपंतांचे मंदिर आहे.

दामाजीपंतांचे आख्यान कीर्तनात लागले की डोळे भरून येतात. तरी एक शंका आम्हांस फार दिवस छळीत होती. पंतांनी जे धान्य वाटले ते त्यांचे नव्हतेच, बादशहाचे होते. परक्याचे उचलून दिले, त्याला दान कसे म्हणावे?

पंधराव्या शतकातली ही गोष्ट. बहामनी राज्याची गादी बेदरास होती आणि पंत मंगळवेढ्याचे अंमलदार होते. तिकडची काळी जमीन ज्वारीची. आजही मंगळवेढ्याची ज्वारी नाव राखून आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सारा उचलायचा, पेवांत-कोठारांत भरायचा आणि बेदरास हिशेब द्यायचा, असे हे काम. अशात मोठा दुष्काळ पडला. माणसे पाला ओरबाडू लागली, आणि सरकारी कोठारे मात्र भरलेली.

महिपतीबुवांनी 1762 साली ‘भक्तविजय’ ग्रंथ पुरा केला, म्हणजे पंतांच्या मागून जवळजवळ तीनशे वर्षांनी. त्यांतली कथा अशी, की पंढरीचा एक भुकेला ब्राह्मण पंतांच्या घरी जेवायला बसला आणि ताटावर रडू लागला. घरी बायकोपोरे उपाशी, आपल्याच्याने घास कसा गिळवेल, हे त्याचे दुःख. ते पाहून पंतांचेही अन्नावरून मन उडाले. पंढरीस धान्य धाडले, आणि मग कोठारेच उघडली. लोक पोती, ओट्या, मिळेल त्यात भरून नेऊ लागले. हाताखालच्या मुजुमदाराने बेदरास चहाडी केली आणि पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला.

आता शंकेकडे येऊ. धान्य बादशहाचे हे खरे. पण ते पिकवले त्याच उपाशी कुणब्यांनी. तेव्हा पंतांनी धान्य दिले म्हणण्यापेक्षा परत केले म्हणावे. मग त्यांचे स्वतःचे काय गेले? मान गेली असती! हुकमाविना कोठार उघडणाऱ्याला काय शिक्षा होते हे अंमलदाराहून अधिक कोणाला ठाऊक असणार? 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची गाडी आमच्या मुरुडावरून लातुरास गेली. तहानेल्यांचे भले झाले, परंतु ते सरकारच्या हुकमाने झाले, त्यात कोणाची मान अडकली नव्हती.

कोणी विद्वान म्हणतील, पंतांना स्वतःलाच घास जाईना म्हणून त्यांनी कोठार उघडले. म्हणजे आपलेच दुःख हलके केले, हाही स्वार्थच. असेल बुवा! पण आमच्या स्वार्थाची जात निराळी आहे. आम्ही एकदा दिंडीला पंगत दिली. फळ्यावर आमचे नाव चुकीचे लिहिले गेले, तर दोन दिवस तोंड पाडून बसलो. भाकरी सर्वांना पोचली, वरण पुरले, याचा आनंद कुठच्या कुठे गेला. पंतांचा तो स्वार्थ आम्हांला साधला असता तर!

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरास गेला, धान्याचा पैसा भरला, पावती घेतली. यावरही कोणी म्हणतो, देवाने भरपाई केली, मग पंतांचे गेले काय? अहो, शिपाई घेऊन निघाले तेव्हा पंतांना हे ठाऊक होते का? वाटेत पंढरीस त्यांनी देवाचे दर्शन घेतले ते शेवटचे समजूनच. इकडे कोणीतरी पैसे भरतो आहे असा सुगावा असता, तर तो सौदा झाला असता.

बेदरास बादशहाने उलट मानच केला. कोण विठू, कसली पावती, पंतांना काहीच उमजेना. उलगडा झाला तेव्हा आपल्यापायी देवाला दरबारात हात जोडून उभे राहावे लागले, हेच त्यांच्या जिवाला लागले. शाबूत राहिलेली अंमलदारी त्यांनी सोडली आणि ते पंढरीस निघून आले.