६४ दिवस एकट्याला कोंडलं, बाहेर आल्यावर त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली

आज एचआयव्हीची टेस्ट करायची तर आधी समुपदेशन होतं, तुमची परवानगी घेतली जाते आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. मुंबई असो की वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, कायदा सगळीकडे एकच आहे.

पण १९८९ साली गोव्यात एका तरुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा त्याच्या दारात थेट पोलीस आले होते.

त्याचं नाव डॉमिनिक डिसोझा.

डॉमिनिक उत्तर गोव्यातल्या पर्रा गावचा. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात नोकरी करायचा. नाटकाचं वेड होतं. आणि एक चांगली सवय होती, ती म्हणजे नेमाने रक्तदान करायची. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला.

तो काळ भीतीचा होता. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन, म्हणजे माहेरच्या गायतोंडे, यांच्या टीमने भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधून काढले होते. आजार नवा आणि खात्रीचं औषध कुठेच नव्हतं. गोव्यात तर सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती झाली होती. एचआयव्ही सापडला की त्या माणसाला वेगळं ठेवायचं, असं त्यात लिहिलं होतं. एचआयव्ही स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही, हे विज्ञानाला तेव्हाही माहीत होतं. कायद्याने मात्र ते विचारात घेतलं नाही.

१४ फेब्रुवारी १९८९ ला पोलीस डॉमिनिकला घेऊन गेले. कशासाठी, हे कोणी धड सांगितलं नाही. त्याला क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं. बाहेर पहारा, आत तो एकटा. गुन्हा काहीच नाही. असे तब्बल ६४ दिवस.

पण घरच्यांनी आणि मित्रांनी त्याला सोडलं नाही. निदर्शनं झाली. त्याची आई लुसी डिसोझा थेट हायकोर्टात गेल्या. वकील आनंद ग्रोव्हर यांनी ही केस हातात घेतली. भारतातल्या एचआयव्हीविषयीच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या खटल्यांमध्ये आजही लुसी डिसोझा विरुद्ध गोवा सरकार हे नाव घेतलं जातं.

डॉमिनिक सुटला, पण खटल्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला नाही. मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठाने कायदा वैध ठरवला. एक गोष्ट मात्र बदलली. सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि वेगळं ठेवणं सक्तीचं राहिलं नाही.

घरी आल्यावर डॉमिनिकला तोंड लपवून जगता आलं असतं. तेव्हा बहुतेकांना तेच करावं लागायचं. पण तो आपल्या नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलायला लागला. कोंडून घातल्यावर माणसाचं काय होतं, हे त्याने भोगलं होतं. हा आजार झालेल्या दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये, असं त्याला वाटत होतं.

१९९२ मध्ये नाटककार आणि प्राध्यापिका इझाबेल वाझ यांच्या साथीने त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था सुरू केली. ही गोव्यातली एचआयव्हीवर काम करणारी पहिली संस्था मानली जाते.

आता प्रश्न पडतो, औषधच नव्हतं तर संस्था काय करणार?

तर रिपोर्ट हातात आल्यावर माणसाला पहिली गरज लागते ती बोलायला कोणीतरी असण्याची. घरी कसं सांगायचं, दवाखान्यात सोबत कोण येणार, नोकरी गेली तर काय करायचं, हे प्रश्न गोळीने सुटत नाहीत. त्याच वाटेने गेलेला माणूस समोर बसला की मात्र ते सोपे होतात. अशा गटांचं खरं काम हेच असतं.

डॉमिनिकला हे काम वाढताना बघता आलं नाही. मे १९९२ मध्ये त्याचं निधन झालं. प्रभावी ठरलेली एकत्रित औषधं त्यानंतर चार वर्षांनी, १९९६ मध्ये आली. भारत सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले ते २००४ मध्ये.

पण त्याने धरलेली वाट पुढे गेली. १९९७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी देशपातळीवर स्वतःचं नेटवर्क उभं केलं. महाराष्ट्रातही एनएमपी प्लस हे नेटवर्क तयार झालं. २००५ मध्ये दिग्दर्शक ओनीर यांचा माय ब्रदर निखिल हा सिनेमा आला, तो डॉमिनिकच्याच आयुष्यावरून सुचलेला.

आणि २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा मंजूर केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, रिपोर्ट फोडायचा नाही आणि नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचं घर देताना भेदभाव करायचा नाही, असं हा कायदा सांगतो.

यातली एकही गोष्ट डॉमिनिकच्या वाट्याला आली नव्हती.

तुम्हाला किंवा ओळखीत कोणाला माहिती हवी असेल, तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे. तिथे बोललेलं गुप्त राहतं.