दोन गेम्स एकत्र चालवले की फोन का अडखळतो? सांगतोय ख्रिस्तोफर स्ट्रेची यांचा प्रवास

हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. फोनवर एक गेम चालू आहे, तेवढ्यात मित्र दुसऱ्या गेममध्ये बोलावतो. तुम्ही पहिला गेम तसाच सोडून दुसरा उघडता. पाच मिनिटांनी परत येता, तर पहिला गेम पुन्हा सुरुवातीपासून लोड होतोय! लॅपटॉपवर दोन गेम्स खरंच एकत्र चालवून पाहिले तर दोन्ही अडखळतात आणि पंखा घोंघावायला लागतो.

आपण लगेच म्हणतो, प्रोसेसर भिकार आहे. पण एका मशीनवर अनेक प्रोग्राम कसे नांदवायचे, हे कोडं गेमिंग फोनपेक्षा खूप जुनं आहे. ते सोडवायला बसलेल्यांपैकी एक जण आधी शाळामास्तर होता, आणि कॉम्प्युटरकडे तो वळला तोही एक गेम लिहिण्यासाठी! त्यांचं नाव ख्रिस्तोफर स्ट्रेची.

मोठ्या घरातला, मागे पडलेला मुलगा

स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेड भागात झाला. घराणं नामांकित. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची ब्रिटिश भारतात इंजिनिअर आणि प्रशासक होते. वडील ऑलिव्हर यांनीही काही काळ भारतात रेल्वेत नोकरी केली आणि पुढे दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम केलं. आई रे स्ट्रेची स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी कार्यकर्ती, आणि काका लिटन स्ट्रेची प्रसिद्ध चरित्रकार.

अशा घरातल्या मुलाकडून अपेक्षा तर असणारच. १९३५ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेले. तिथेच ॲलन ट्युरिंग यांच्याशी ओळख झाली. पण तिसऱ्या वर्षी त्यांची मानसिक तब्येत पार ढासळली, अभ्यास थांबला. शेवटी पदवी मिळाली ती साध्याच श्रेणीत. संशोधनाचा रस्ता तिथेच बंद झाल्यासारखा झाला. युद्धाच्या काळात त्यांनी एका टेलिफोन कंपनीत व्हॉल्व्हच्या डिझाइनचं काम केलं, आणि युद्ध संपल्यावर ते शिक्षक झाले. आधी कँटरबरीला आणि १९४९ पासून हॅरो या नावाजलेल्या शाळेत.

पहिला गेम, पहिली भिंत

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राच्या ओळखीने स्ट्रेची लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पोहोचले. तिथे पायलट एस नावाचा कॉम्प्युटर होता. तो पाहून आल्यावर त्यांनी ठरवलं, याला ड्राफ्ट्स खेळायला शिकवायचं. ड्राफ्ट्स म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्यांनी खेळतात तो खेळ, ज्याला अमेरिकेत चेकर्स म्हणतात. शाळेची नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात त्यांनी प्रोग्राम लिहून काढला.

मे महिन्यापर्यंत कच्चा प्रोग्राम तयार झाला, पण त्याने पायलट एसची सगळी मेमरी खाऊन टाकली. एका साध्या खेळातच मशीन भरलं! ३० जुलै १९५१ रोजी तो चालवून पाहिला, तर चुकांमुळे चाललाच नाही.

मँचेस्टर विद्यापीठातल्या नव्या कॉम्प्युटरची मेमरी मोठी आहे, हे कळल्यावर त्यांनी ट्युरिंग यांच्याकडून त्याचं मॅन्युअल मागवलं. आता ‘मोठी’ म्हणजे किती? मुख्य मेमरीत आठ नळ्या, प्रत्येकीत २० बिट्सचे ६४ शब्द. एकूण १०,२४० बिट्स, म्हणजे साधारण सव्वा केबी. आज व्हॉट्सॲपवरचा एक छोटा फोटोसुद्धा यात मावणार नाही. बाकीचा माल फिरत्या चुंबकीय ड्रमवर ठेवायचा आणि लागेल तसा आत आणायचा. या ड्रमला एक फेरी मारायलाच सुमारे ३० मिलिसेकंद लागायचे.

तुमच्या लॅपटॉपची रॅम भरते तेव्हा आजही हेच होतं. दुसऱ्या गेमचा डेटा डिस्कवर ढकलला जातो आणि लागला की परत आणावा लागतो. डिस्क रॅमपेक्षा खूप हळू, म्हणून गेम अधूनमधून गोठतो. अँड्रॉइड फोन तर बऱ्याचदा मागचा गेम सरळ बंदच करतो. तुमचा गेम पहिल्यापासून का लोड झाला, ते आता कळलं?

मँचेस्टरला ट्युरिंग यांनी स्ट्रेची यांना आणखी एक काम सुचवलं होतं. दुसऱ्या प्रोग्रामची एकेक पायरी तपासत चालवणारा प्रोग्राम. स्ट्रेची सुमारे हजार सूचनांचा प्रोग्राम घेऊन आले. नवखा माणूस, त्यात इतका लांबलचक प्रोग्राम! पण रात्रभर मशीनशी झटून सकाळपर्यंत त्यांनी तो चालवून दाखवला. शेवटी मशीनच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजली आणि सगळे थक्क झाले. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा पूर्ण डावही बऱ्यापैकी वेगाने खेळला जाऊ लागला. पट चक्क पडद्यावर दिसायचा. स्क्रीनवर दिसणाऱ्या सगळ्यांत जुन्या गेम्सपैकी हा एक.

मशीन रिकामं बसतंय!

त्याच वर्षी जूनमध्ये स्ट्रेची यांनी शाळा सोडली आणि नवीन शोधांना उद्योगापर्यंत नेणाऱ्या एका सरकारी महामंडळात रुजू झाले. या नोकरीत त्यांनी कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरच्या जलमार्गाची गणितं कॉम्प्युटरवर केली, फेरांटी पेगॅसस या कॉम्प्युटरच्या डिझाइनमध्ये मोठा वाटा उचलला. आणि हे करताना एक गोष्ट त्यांना खटकायला लागली.

कॉम्प्युटर वेगवान होत होते, पण टेप, कार्ड वाचणारी यंत्रं आणि प्रिंटर मात्र हळूच होते. प्रिंटरचं काम होईपर्यंत लाखमोलाचं मशीन नुसतं बसून राहायचं. मशीनचा वेळ महाग, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच त्याच्यापासून लांब ठेवलं जायचं. चूक सापडली की पुन्हा रांगेत थांबा. म्हणजे मशीनही थांबलेलं आणि माणूसही ताटकळलेला.

जून १९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी यावर उपाय मांडला, टाइम-शेअरिंग. मेमरीत एकाच वेळी अनेक प्रोग्राम ठेवायचे. एक प्रोग्राम टेपची वाट पाहत असेल, तर तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्याला द्यायचा. कुणाची पाळी कधी, हे ठरवायला वर एक देखरेख करणारा प्रोग्राम. या सगळ्यात एक माणूस समोर बसून आपल्या प्रोग्राममधल्या चुका शोधू शकेल, बाकीची कामं न थांबवता. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी हेसुद्धा अनेकांनी एकच कॉम्प्युटर वाटून वापरायची कल्पना मांडत होते, आणि १९६१ मध्ये तिथे तशी यंत्रणा चालवूनही दाखवली गेली.

मग दोन गेम्स का चालत नाहीत?

स्वयंपाकघरात बघा. कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत आई भाजी चिरून घेते. शेगडी चालू, हातही चालू. टाइम-शेअरिंग हे असंच आहे. पण यात एक अट लपलेली आहे, एका कामात वाट पाहण्याचा वेळ असायला हवा. गाणी, डाउनलोड, चॅट ही कामं बहुतेक वेळ वाटच पाहत असतात, म्हणून दहा ॲप्स आरामात चालतात.

गेम मात्र कुकर नाही, तव्यावरची पोळी आहे. लक्ष हटलं की करपली. ६० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार झालीच पाहिजे. समजा, एका गेमच्या फ्रेमला ग्राफिक्स चिपचे १० मिलिसेकंद लागतात. एकटा गेम मस्त चालेल. असेच दोन चालवले की २० मिलिसेकंद झाले. म्हणजे दोघांनाही ५० एफपीएसच्या वर जाताच येणार नाही, आणि अदलाबदलीचा खर्च वेगळाच. आठ कोअर असले तरी ग्राफिक्स चिप आणि रॅम दोघांत वाटूनच घ्यावी लागते. त्यात फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

म्हणून साधा नियम: एक जड गेम खेळायचा असेल तर दुसरा नीट बंद करा. दोन चालवायचेच असतील तर आधी रॅम पुरेशी आहे का बघा, आणि दोन्हींचे ग्राफिक्स आणि एफपीएस सेटिंगमधून कमी करा.

स्ट्रेची अजूनही तुमच्या गेममध्ये आहेत

१९५९ मध्येच त्यांनी नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलं. पुढे केंब्रिजमध्ये सीपीएल या प्रोग्रामिंग भाषेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. ती भाषा स्वतः फारशी वापरात आली नाही. पण तिच्यापासून मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल केली, तिच्यापासून बी आणि बी पासून सी आली. आजची कितीतरी गेम इंजिन्स सी आणि तिच्यातून निघालेल्या सी++ मध्येच लिहिलेली आहेत.

नंतर स्ट्रेची ऑक्सफर्डला गेले, प्रोग्रामिंगवर संशोधन करणारा गट उभा केला आणि डॅना स्कॉट यांच्याबरोबर प्रोग्रामचा अर्थ गणिताने मांडायची पद्धत घडवली. साधी श्रेणी मिळालेला हा विद्यार्थी १९७१ मध्ये ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला. पण हे दिवस फार टिकले नाहीत. १८ मे १९७५ रोजी काविळीच्या आजाराने, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

हातात सव्वा केबी असताना या माणसाने मशीनचा एकेक रिकामा क्षण कामाला लावायचा विचार केला. आपल्या खिशात आज कित्येक जीबी आहेत, तरी हिशोब तोच आहे. त्यामुळे पुढच्या वेळी गेम अडकला तर फोन बदलायच्या आधी एवढं तपासा: मागे अजून कोण चालू आहे?