शाळा अंगणात आणणाऱ्या ताराबाई

आपल्या मंडळाची बालवाडी सर्वांच्या परिचयाची आहे. एक बाई आणि दररोज दोन आया, अशा तिघीजणी मिळून तिथे बावीस मुले सांभाळतात. आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले तिथूनच मोठ्या शाळेत गेली. पण बालवाडी ही गोष्ट ज्यांच्यामुळे आपल्यासारख्यांच्या दारापर्यंत आली, त्या कै. ताराबाई मोडक यांची माहिती फार थोड्या भगिनींना आहे, म्हणून स्मरणिकेसाठी मी त्यांचे चरित्र निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझे माहेर डहाणू तालुक्यातले असल्यामुळे ताराबाईंचे नाव लहानपणापासून कानावर होते. बाकीचे वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून मिळवले आहे. भाषेत काही उणे राहिले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरात सुधारणेचे वारे होते आणि मुलीला शिकवायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. ज्या काळी मुलीने चार इयत्ता पुऱ्या केल्या तरी पुष्कळ झाले असे समजत, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे वेगळे झाले. पदरात लहानगी मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी अशा बाईला लोक काय काय म्हणाले असतील, ते मी लिहायला नको. आपल्या आळीत आजही काय बोलतात ते आपण ऐकतोच.

ताराबाईंनी रडत बसण्याऐवजी नोकरी धरली. काठेवाडात राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या बायकांच्या कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. मान होता, पगार होता, राहण्याची सोय होती. कोणीही म्हटले असते की आता इथेच जन्म काढावा. पण भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची एक संस्था होती आणि तिथे गिजुभाई बधेका या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. १९२३ साली ताराबाई बांधलेली नोकरी सोडून तिकडे गेल्या.

गिजुभाईंविषयी थोडे सांगायलाच हवे. हे धंद्याने वकील. स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे हा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. छडी, धाक, घोकंपट्टी यांवाचून मूल शिकते, हे त्यांनी करून दाखवले. त्यांना घनदाट मिशा होत्या आणि माया आईची होती, म्हणून गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई या अर्थाच्या नावाने ओळखत. बापाने मुलांत इतका जीव घालावा हे आपल्याकडे अजूनही विरळाच. गिजुभाईंना वाट दाखवली ती इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या पुस्तकांनी. या मॉन्टेसरीबाईंची पहिली बालशाळा १९०७ साली रोम शहरात गोरगरिबांच्या वस्तीत, भाडेकरू राहत होते त्याच इमारतीत सुरू झाली. आपल्या भाषेत चाळीतच म्हणायची. तिथल्या नियमांत असे होते की आईने मूल स्वच्छ करून पाठवावे आणि आठवड्यातून निदान एकदा येऊन शिक्षिकेशी मुलाबद्दल बोलावे. हे वाचले तेव्हा मला फार गंमत वाटली. आईला शाळेत बोलावण्याची रीत बालशाळेइतकीच जुनी निघाली.

भावनगरला ताराबाई आणि गिजुभाई यांनी जोडीने काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका निघू लागली, ती पुढे मराठीतही आली. आईबापांनी मुलांशी कसे वागावे, मारू का नये, हट्ट म्हणजे काय, असल्या विषयांवर ताराबाईंनी मराठीत आणि गुजरातीत पुष्कळ लिहिले. पुढे त्या मुंबईला आल्या आणि १९३६ च्या सुमारास दादरला शिशुविहार सुरू झाले. गिजुभाई १९३९ साली वारले. तोवर बालशिक्षण म्हटले की ताराबाई, असे नाव झाले होते.

इथपर्यंतचे चरित्र मोठेच आहे, पण खरे सांगायचे तर मला ते दुरून पाहावे तसे वाटते. दादरची मुले म्हणजे निदान दोन वेळ जेवणारी, धुतलेले कपडे घालून येणारी. मॉन्टेसरीची साधनेही महागाची. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मणी, पेट्या, ही गरिबाच्या मुलाने कुठून आणायची? ताराबाईंना हा प्रश्न पडला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या मुंबई सोडून बोर्डीला जाऊन राहिल्या. आपण पन्नाशीत गुडघ्यांची तक्रार करतो.

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचे गाव. सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या, ताडी, आणि जरा आत गेले की वारली लोकांचे पाडे. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. ज्या साली ताराबाई तिथे आल्या, त्याच साली त्या मुलखात वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध मान वर केली होती. म्हणजे मोठी माणसे सावकाराच्या जमिनीवर राबत होती आणि मुले उघडीनागडी पाड्यावर होती. अशा मुलांसाठी ताराबाईंनी बालवाडी काढली.

या कामात त्यांना मिळाल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झालेल्या. १९४५ साली एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई ज्या ताराबाईंबरोबर गेल्या त्या कायमच्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी नवरा गेलेली. ज्या दोघींना समाजाने बाजूला बसवले असते, त्यांनी शेकडो मुलांचा संसार केला.

साधनांचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला पाहा. समुद्रकाठी शिंपले विकत आणावे लागत नाहीत. गोटे, बिया, पाने, काड्या, माती सगळे फुकटचे. मोजायला शिंपले, रचायला गोटे, रंग ओळखायला पाने आणि फुले. आपल्या बालवाडीत चिंचोके, भेंडीचे ठसे आणि रिकामी खोकी आहेत, ती त्याच घराण्यातली.

पण साधनांपेक्षा मोठी अडचण वेगळी होती. मुलेच येत नसत. मध्यवस्तीत खोली घेऊन, घंटा वाजवून मुलांची वाट पाहावी, तर कोण येणार? आई पहाटेच मजुरीला जाते, मुलाला पाठवणार कोण? तेव्हा ताराबाईंनी ठरवले की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे. पाड्यावर जावे, एखाद्या घरापुढे सारवलेल्या अंगणात किंवा झाडाखाली मुले जमवावी, त्यांना आंघोळ घालावी, केस विंचरावे, नखे कापावी, मग गाणी, गोष्टी, खेळ. वेळही घड्याळाची नाही, मुलांच्या आणि बाईंच्या सोयीची. या झाल्या अंगणबालवाड्या. गावात मधोमध ठरलेल्या वेळेची एक बालवाडी आणि पाड्यापाड्यांवर या.

मला यातले सर्वांत मोल वाटते ते असे, की शाळा अंगणात भरली म्हणजे घरची माणसे आपोआप तिच्यात आली. आजी ओट्यावर बसून बघते, शेजारीण पाण्याची कळशी खाली ठेवून उभी राहते. मुलाला न मारता गप्प बसवता येते, माती खेळून झाल्यावर हात धुवायला शिकवता येते, हे कोणी भाषण करून सांगावे लागत नाही.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर हलले. तिथे दुसरी अडचण. मोठ्या मुली शाळेत येऊ शकत नसत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत, ताई वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटले. मुलगे गुरे राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. माझ्या माहेरी वाडीत निंदणीला एक वारली मावशी येत असत. भावाला कडेवर घेऊन आपण टेकडीवरच्या शाळेत जात होतो, असे त्या सांगत. त्यांना स्वतःचे नाव लिहिता येत होते आणि पिशवीवर कोळशाने ते लिहून दाखवण्याची त्यांना भारी हौस.

आता मी थोडे आपल्या घरचे लिहिते. आपल्या बालवाडीत आयांचे वार लावलेले आहेत. ताराबाईंनी असे वार लावले होते असे मी म्हणत नाही, ही आपली व्यवस्था आहे. पण तिचा गुण मी दोन मुलांच्या वेळी अनुभवला. माझ्या वाराच्या दिवशी माझाच मुलगा पदर सोडत नसे आणि दुसऱ्यांची मुले शहाण्यासारखी खेळत, हे सगळ्याच आयांच्या वाट्याला येते. एक मुलगा चावत असे. त्याला मारण्याऐवजी कणीक मळायला बसवले, आठ दिवसांत त्याचे चावणे कमी झाले. ते पाहून घरी माझाही हात आपोआप खाली आला. सासूबाई माझ्याऐवजी दोनदा गेल्या आणि परतल्यावर नातवाला पाणी सांडले म्हणून ओरडायचे त्यांनी सोडले. उलट वाटी आणि पेला देऊन ओतायला बसवू लागल्या. हे शिक्षण फी भरून मिळाले नसते.

पण यंदाच्या सभेत काही तरुण सुनांनी प्रश्न काढला की वार बंद करून आणखी एक पगारी बाई ठेवावी. काही ज्येष्ठ भगिनींना राग आला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. एक आई चार घरची पोळ्यांची कामे करते. वाराच्या दिवशी तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. दुसरी कारखान्यात आहे, तिला रजा नाही. त्यांना दंड लावून काय साधणार? दंडाच्या भीतीने मूलच काढून घेतील आणि ज्यांना बालवाडीची अधिक गरज तीच मुले घरी मोबाइल घेऊन बसतील.

माझी सूचना अशी आहे. वार राहू द्यावेत, पण आईच्या सोयीने. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांनी रविवारी येऊन खेळणी धुवावी, सतरंज्या झटकाव्या, ठसे करून द्यावे आणि बाईंशी मुलाबद्दल अर्धा तास बोलावे. आईऐवजी आजी, आत्या, कोणीही चालेल. आपल्याकडे एक रिक्षावाले वडील येतात आणि मुलांना घोडा होऊन पाठीवर घेतात, त्या दिवशी एकही मूल गैरहजर नसते. वडिलांचे वार लावायलाही हरकत नाही. ताराबाईंनी घंटेची वेळ सोडून दिली ती पाड्यावरच्या माणसांसाठी. आपल्याला तर फक्त एक फळा पुसून नवा लिहायचा आहे. कार्यकारिणीने याचा जूनच्या आत विचार करावा.

ताराबाईंचे उरलेले थोडक्यात सांगते. १९४६ ते १९५१ त्या मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. १९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. थकल्या तरी कामातून मन निघाले नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची बालविकास योजना देशातल्या तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज गावोगाव जिथे लहान मुलांना खाऊ मिळतो, वजन होते, गाणी होतात, त्या अंगणवाडीच्या नावात ताराबाईंचे ते सारवलेले अंगण आहे. टेकडीवरचे काम अनुताईंनी पुढे चालवले. कोसबादच्या टेकडीवरून हे त्यांचे पुस्तक आपल्या वाचनालयात आहे, सध्या माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात परत करीन. अनुताई १९९२ साली गेल्या. डहाणूकडे जाणे झाले तर घोलवड स्टेशनावर उतरावे. तिथून बोर्डीचा किनारा जवळ आहे आणि चिकूही चांगले मिळतात.