रंगद्रव्यांचे भाष्यकार वेंकटरामन
चेन्नई : प्रकाश शोषून कर्करोगाची गाठ उजळवणारे किंवा तिच्या पेशी नष्ट करणारे रेणू बहुधा रंगद्रव्यांच्याच कुळातले. १९०३ मध्ये म्युनिक येथे त्वचेच्या कर्करोगावर इओसिन हा रंग लावून प्रकाशोपचार झाला होता.

भारतात रंगद्रव्यांचे शास्त्र रुजविणारे कृष्णस्वामी वेंकटरामन १९०१ मध्ये मद्रास येथे जन्मले. १९३८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, तर १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांचे विखुरलेले ज्ञान त्यांनी १९५२ मध्ये दोन खंडांत ग्रथित केले. पुढे ही इंग्रजी ग्रंथमाला आठ खंडांची झाली. त्यांचा भर वस्त्ररंगांवर होता, रुग्णावर नव्हे. पण रेणूची कोणती रचना कोणता प्रकाश शोषते, हे अशा औषधासाठीही आधी ठरवावे लागते. वेंकटरामन यांचे १९८१ मध्ये निधन झाले.