अभयदानी राजा : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. त्यांतही अभयदान श्रेष्ठ मानले जाते, कारण प्रत्येक जीवाला आपला प्राण सर्वाधिक प्रिय असतो. ही चारही दाने एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि परक्या देशातील अनाथ बालकांना देणारा एक राजा विसाव्या शतकात आपल्या देशात होऊन गेला. तो जन्माने जैन नव्हता, जाडेजा राजपूत कुळातील होता. नवानगर संस्थानचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्याचे नाव.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठियावाडात झाला. क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झालेले रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडमधील माल्व्हर्न कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९१९ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले व सुमारे बारा वर्षे त्यांनी लष्करी सेवा केली. २ एप्रिल १९३३ रोजी रणजितसिंहजींचे निधन झाले आणि त्यांचे दत्तक वारस म्हणून दिग्विजयसिंहजी जामनगरच्या गादीवर आले.

गादीबरोबरच क्रिकेटचा वारसाही त्यांच्याकडे आला. फलंदाज म्हणून त्यांची तुलना चुलत्यांशी होऊ शकत नाही. १९३३-३४ च्या हंगामात इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी पश्चिम भारताचे नेतृत्व केले, तो त्यांचा एकमेव प्रथम श्रेणी सामना. परंतु स्वतः मोठा खेळाडू होणे आणि खेळाडूंना मोठे होऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीत जामसाहेब कोठेही उणे पडले नाहीत. त्यांच्या आश्रयाखाली नवानगरच्या संघाने १९३६-३७ मध्ये, प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी, रणजी करंडक जिंकला. अमरसिंग आणि तरुण विनू मंकड हे त्या संघाचे आधारस्तंभ होते. ज्यांच्या नावाचा करंडक, त्यांच्याच संस्थानात तो आला. पुढे १९३७-३८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद जामसाहेबांनी भूषविले. त्याच सुमारास देशातील संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे ते चॅन्सेलर झाले.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी १९४२ साली आली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी पोलंडचे दोन तुकडे झाले होते. पूर्वेकडील भागातील लक्षावधी नागरिकांना १९४० पासून सोव्हिएत रशियाने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांत असंख्य माणसे दगावली. १९४१ च्या करारानंतर त्यांपैकी काहींची सुटका झाली. परंतु आईबाप गमावलेल्या मुलांना कोठे न्यावयाचे, हा प्रश्न उरला. युद्धात होरपळणाऱ्या जगात त्यांच्यासाठी दार उघडावयास फारसे कोणी तयार नव्हते.

ते वर्ष हिंदुस्थानलाही सोपे नव्हते. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला होता, धान्याची टंचाई जाणवू लागली होती आणि देशात स्वातंत्र्याचा अखेरचा लढा पेटण्याच्या बेतात होता. नवानगर हे काही हैदराबाद वा म्हैसूरसारखे विशाल संस्थान नव्हते आणि काठियावाडला अवर्षण नवे नव्हते. आपल्याच प्रजेची चिंता पुरेशी आहे, असे जामसाहेबांनी म्हटले असते, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. त्यांनी मात्र मुलांना आपल्याकडे बोलाविले.

मुलांची पहिली तुकडी इराणमार्गे खडतर प्रवास करून हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत वांद्रे येथे काही काळ विसावा घेऊन १९४२ च्या जुलैमध्ये ती जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या बालाचडी येथे आली. तेथे समुद्रकिनारी जामसाहेबांचा उन्हाळी वाडा होता. त्याच्याच शेजारी मुलांसाठी वसाहत उभारण्यात आली. दोन-तीन वर्षांच्या बालकांपासून सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत सुमारे एक हजार जीवांना पुढील चार वर्षांत त्या वसाहतीने आधार दिला. नरेंद्र मंडळाच्या माध्यमातून अन्य संस्थानिकांनीही या कार्यास हातभार लावला.

मुले आली तेव्हा कृश, आजारी आणि भेदरलेली होती. अनाथ म्हणवून घेऊ नका, या भूमीची प्रजा मला बापू म्हणते, म्हणून आजपासून मी तुमचाही बापू आहे, अशा आशयाचे शब्द जामसाहेबांनी त्यांना ऐकविले. हे केवळ शब्द नव्हते. वसाहतीत भोजनाची व्यवस्था होती, उपचारांसाठी दवाखाना होता, शाळा व ग्रंथालय होते, खेळांची मैदाने होती. विशेष म्हणजे शिक्षण पोलिश भाषेत होते आणि प्रार्थनेसाठी मुलांचे स्वतःचे प्रार्थनाघर होते. आश्रय देताना जामसाहेबांनी त्या मुलांचा धर्म मागितला नाही, भाषा मागितली नाही, कृतज्ञताही मागितली नाही.

त्या मुलांनी वृद्धपणी सांगितलेली एक आठवण हृद्य आहे. भोजनात वारंवार येणाऱ्या पालकाच्या भाजीला कंटाळून मुलांनी ती खाण्यास नकार दिला. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली आणि त्यांच्या आज्ञेने ती भाजी बंद झाली. कालपर्यंत भाकरीच्या तुकड्यासाठी तळमळणारी मुले आज हट्ट करू शकत होती. भय गेल्याची याहून मोठी खूण कोणती?

१९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली आणि तेथील अनेक मुले आपल्या कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत नांदत होती. १९४८ पर्यंत हे सारे निर्वासित जगभर पांगले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आजही त्या दिवसांची साक्ष देतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जामसाहेबांपुढे दुसरा पेच उभा राहिला. काठियावाडातील संस्थानांचा स्वतंत्र गट करण्याचा विचार त्यांच्या मनात काही काळ घोळत होता. परंतु सरदार पटेलांच्या भेटीनंतर त्यांनी भारतात सामील होण्याचा निर्णय घेतला आणि इतर संस्थानिकांनाही त्या मार्गावर आणले. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी जामनगर येथे सौराष्ट्र संघराज्याचे उद्घाटन झाले. दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांच्या त्या राज्याचे जामसाहेब पहिले राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये सौराष्ट्र द्विभाषिक मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणासाठी त्यांनी एक लक्ष रुपये दिले. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

आपल्या उपकारांच्या बदल्यात स्वतंत्र पोलंडच्या राजधानीतील एखाद्या रस्त्यास आपले नाव मिळावे, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली होती, असे सांगितले जाते. त्यांच्या हयातीत ती पूर्ण झाली नाही. पोलंडमधील साम्यवादी राजवट संपल्यानंतर वॉर्सा शहरातील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढे एक चौक भल्या महाराजांचा चौक म्हणून ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील जामसाहेबांच्या व कोल्हापूरच्या स्मारकास अभिवादन केले. बालाचडीच्या त्या भूमीवर आज सैनिक शाळा आहे. जेथे परदेशी मुलांचे अश्रू पुसले गेले, तेथे आपली मुले शिकत आहेत.

जामसाहेबांचे राज्य गेले, पदे गेली, खेळातील त्यांच्या धावाही कोणाच्या स्मरणात नाहीत. उरले ते दिलेले अभय. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्या दाराशी येणाऱ्या भयभीत जीवाची जात, धर्म, भाषा न विचारता त्याला आधार देण्याची बुद्धी आपणा सर्वांना लाभो, हीच त्या अभयदानी राजास खरी आदरांजली ठरेल.