भाकरीपुढे थांबलेली लेखणी

कॅथलिक स्नेह्यांकडच्या लग्नाला गेलेल्या वाचकांनी चर्चमधली मिस्सा पाहिली असेल. धर्मगुरू गव्हाची पातळ, गोल भाकर दोन्ही हातांनी वर उचलतात आणि सारे चर्च स्तब्ध होते. श्रद्धावंतांच्या लेखी ती आता भाकर नसते, साक्षात ख्रिस्त असतो. हे कसे, असा प्रश्न पडला की मला तेराव्या शतकातला एक धिप्पाड, अबोल इटालियन आठवतो : संत थॉमस अक्वायनस.

१२२५ च्या सुमारास रोक्कासेकाच्या गढीत, सरदार घराण्यात तो जन्मला. मुलाने मोठ्या मठाचा अधिपती व्हावे, ही घरच्यांची इच्छा. पोराने धरली भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संन्याशांची वाट! भावांनी त्याला रस्त्यातच पकडून आणले. वर्षभर घरच्यांनी कोंडून ठेवले, तरी तो बधला नाही. पुढे सहाध्यायी त्याला मुका बैल म्हणून चिडवत. गुरू अल्बर्ट यांनी मात्र शिष्याचे पाणी ओळखले होते.

येशूने शेवटच्या भोजनात भाकर मोडली, ती आपले शरीर म्हणून शिष्यांना दिली आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहा, असे सांगितले. सन ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हे नमूद आहे. पण भाकर दिसते भाकरीसारखी, लागते भाकरीसारखी. मग बदलते काय? थॉमसने ॲरिस्टॉटलचा आधार घेतला. वस्तूचे द्रव्य वेगळे. रंग, रूप, चव हे तिचे गुण वेगळे. मिस्सेत गुण तसेच राहतात, द्रव्य तेवढे पालटते. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनाशी परिचय असलेल्यांना निदान हे शब्द तरी परके वाटू नयेत.

लिएजच्या जुलियाना या संन्यासिनीने ख्रिस्तशरीराच्या सणाचा ध्यास घेतला होता. ती १२५८ मध्ये वारली. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी तो सण साऱ्या चर्चला लावून दिला. त्याची उपासना आणि गीते परंपरेने थॉमसची मानली जातात. मला त्याच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा ही गीतेच अधिक जवळची वाटतात. डोळे आणि जीभ जिथे तोकडी पडतात, तिथे हा तर्कपंडित सरळ श्रद्धेला हाक मारतो. त्यांतली काही आजही गायली जातात.

६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्समध्ये मिस्सा करताना त्याला काहीतरी झाले. त्या दिवसापासून त्याने लेखणी ठेवली ती ठेवलीच. सोबती रेजिनाल्डने फार आग्रह केला, तेव्हा आपण पाहिले त्यापुढे आपले सारे लिखाण गवताच्या काड्यांसारखे वाटते, एवढेच तो बोलला. कुणी हा साक्षात्कार मानतात, कुणी मेंदूचा आजार. मला कारणापेक्षा जागेचे अप्रूप वाटते. ज्या भाकरीविषयी त्याने एवढे लिहिले, तिच्यासमोरच तो थांबला.

ल्याँच्या धर्मपरिषदेला निघालेला असताना ७ मार्च १२७४ रोजी, फोस्सानोव्हाच्या मठात त्याने देह ठेवला. पन्नाशीही गाठली नव्हती. 'सुम्मा'तले भाकरीविषयीचे प्रकरण पुरे झाले होते; त्यापुढचे प्रायश्चित्ताचे अर्धेच राहिले. ते आणि उरलेला भाग नंतर त्याच्याच जुन्या लिखाणातून पुरा करण्यात आला.